वर्गात रोखलेला मोबाइल

मुलांच्या हाती मोबाइल किती वेळ असावा, याची चर्चा आपण पुष्कळ करतो. वर्गात मुलांचे रील काढण्यासाठी त्यांच्यावर रोखलेल्या मोबाइलबद्दल मात्र कोणी फारसे बोलत नाही, आणि मला अधिक काळजी त्याचीच वाटते.

२९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले. तेव्हा शाळा बंद होत्या आणि अभ्यासाच्या निमित्ताने मोबाइल घरोघरी मुलांपर्यंत पोहोचला होता. शाळा पुन्हा भरल्या, तेव्हा मोबाइलही वर्गात आला, पण शिक्षकांच्या हातात. पट टिकवण्यासाठी शाळेला गावासमोर काहीतरी दाखवावे लागते, ही त्यांची अडचण मला समजते. चित्रफीत पाहून मुलाचे नाव घालणारे पालकही आपणच आहोत.

तरीही शिकणे म्हणजे बहुतांशी अडखळणे असते, आणि अर्ध्या मिनिटाच्या रीलमध्ये अडखळण्याला जागा नसते. दुसरीत शिकणारी माझी मुलगी एकदा घरी येऊन म्हणाली, "मी पाढा चुकले म्हणून बाईंनी मला मागे उभं केलं आणि पुन्हा व्हिडिओ घेतला." बाईंच्या मनात काहीही वाईट नसणार, पण पाढा चुकल्यापेक्षा व्हिडिओ बिघडवल्याचेच तिला अधिक वाईट वाटत होते, आणि सातव्या वर्षी हा धडा तिने कुठल्याही पुस्तकातून घेतलेला नव्हता.

इन्स्टाग्रामच्याच नियमानुसार १३ वर्षांखालील मुलाला स्वतःचे खाते उघडता येत नाही. त्याचा चेहरा मात्र दुसऱ्याच्या खात्यावर हजारो अनोळखी लोक पाहू शकतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक ठरवली आहे. आपण ती संमती बहुधा प्रवेशअर्जावरच्या एका सहीत, न वाचताच देऊन टाकतो.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी मोबाइल व टीव्ही बंद ठेवले जातात. मला त्यातले एवढेच महत्त्वाचे वाटते की तो भोंगा मोठ्यांसाठीही वाजतो.

मुलीच्या शाळेला मी लेखी कळवले आहे की तिचे चित्रीकरण करू नये. तिचा पाढा ऐकायला आम्ही दोघे शनिवारी शाळेत येऊ, चुकला तरी.