बायकोची सही

गेल्या रविवारी भुसावळहून मामांचा फोन आला. मिस्सा, म्हणजे फादरच करू शकतात ती मुख्य उपासना, सुटल्यावर चर्चच्या आवारात वाद झाला होता. मामा रेल्वेतले निवृत्त गार्ड, चिडले की अहिराणीवर येतात. "तुमचे जर्मन म्हणतात फादरला लग्न करू द्या! हाऊ काय प्रकार शे भो?"

मी जर्मनीत राहतो, म्हणून 'माझे' जर्मन: इथले कॅथलिक बिशप आणि प्रापंचिक, म्हणजे दीक्षा न घेतलेले सामान्य सभासद. फादरांवरच्या ब्रह्मचर्याच्या सक्तीचा फेरविचार करा, अशी विनंती त्यांनी मार्च 2023 मध्ये फ्रँकफर्टच्या सभेतून पोपना केली. मामांचं उत्तर तयार होतं: "संन्यास सोडून माघारी फिरलं की पोरांचे काय हाल होतात, ते मुक्ताईला विचार."

मुक्ताईनगर भुसावळहून जवळच, त्यामुळे आम्हा ख्रिस्ती घरांतही ही गोष्ट सगळ्यांना पाठ. पण मामा दोन प्रश्नांची गल्लत करतात. दीक्षा झालेल्या फादरने लग्न करणं वेगळं आणि लग्न झालेल्या माणसाला दीक्षा देणं वेगळं. पहिल्या गोष्टीला पूर्वेकडच्या कॅथलिक परंपरांतही परवानगी नाही; दुसरी तिथे जुनीच आहे. म्युनिकला युक्रेनियन ग्रीक कॅथलिकांचं कॅथेड्रल आहे. हे लोक पोपलाच मानतात, आणि त्यांच्यात बायकामुलं असलेले धर्मगुरू आहेत. आपल्या लॅटिन, म्हणजे पश्चिमेकडच्या, कॅथलिक चर्चमध्ये याजकाचं, म्हणजे फादरचं, लग्न अवैध ठरलं ते 1139 च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेत. येशूचा शिष्य पेत्र, त्याला तर सासू होती, आणि ती तापाने फणफणली होती, हे शुभवर्तमानातच आहे.

म्हणून लग्नाने सगळं सुरळीत होईल असंही मी म्हणत नाही. आमच्या रस्त्यापलीकडच्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये पास्टरना लग्नाची मुभा आहे, बायकाही पास्टर होतात; तरी रविवारी बाकं रिकामीच. आमचे स्वतःचे फादर केरळचे, एकटे चार चर्च सांभाळतात. हिवाळ्यात रात्री नऊला त्यांच्या खिडकीत एकच दिवा दिसतो तेव्हा वाईट वाटतं. पण एकटेपणावर बायको हे औषध समजणं हा त्या बाईवरही अन्यायच.

माझा मुद्दा खान्देशातलाच आहे. लहानपणी सुट्टीत मी नंदुरबारकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावर जायचो. फादर जीपने यायचे, तेही महिन्यातून एकदा, पावसाळ्यात तर तेवढंही नाही. बाकीचे सगळे रविवार, आजारी माणूस, मयत, हे सगळं कॅटेकिस्ट, म्हणजे गावातलेच धर्मशिक्षक, बघायचे. घरी बायको, चार मुलं, दोन बैल. सगळं करायचे, फक्त मिस्सा नाही. अॅमेझॉनच्या बिशपांची अडचण हीच होती. 2019 च्या सिनडमध्ये, म्हणजे बिशपांच्या सभेत, दूरच्या भागांसाठी विवाहित, पोक्त पुरुषांना याजकदीक्षा द्यावी असा ठराव 128 विरुद्ध 41 मतांनी झाला. पुढच्या वर्षी पोप फ्रान्सिस यांनी त्यावर पत्र लिहिलं, पण ही मागणी उचलली नाही. मला ती संधी हुकल्यासारखी वाटते.

अर्थात कुटुंबवाल्या फादरच्या खर्चाचं काय, हा मामांचा सवाल खोटा नाही. बव्हेरियात माझ्या प्राप्तिकराच्या 8 टक्के इतका चर्च कर वेगळा कापला जातो, पगार त्यातून निघतात. पाड्यावर दानपेटीत काय पडणार? पण तिथले कॅटेकिस्ट आपली शेती करूनच हे सगळं करत होते.

मामांना मी आणखी एक गोष्ट सांगितली. विवाहित माणसाला कायमचा डीकन, म्हणजे फादरच्या खालच्या पायरीचा दीक्षित सेवक, व्हायचं असेल, तर चर्चच्या कायद्याने वयाची 35 वर्षं पूर्ण हवीत आणि बायकोची संमती हवी. इथे आमच्याकडे असे एक डीकन आहेत. बाप्तिस्मा देतात, लग्नं लावतात. विठ्ठलपंत काशीला निघाले तेव्हा रुक्मिणीबाईंना असं कोणी नीट विचारलं असतं, तर पुढचं बरंच टळलं असतं.

पलीकडे क्षणभर शांतता. मग मागून मामींचा आवाज आला, "विचारा, विचारा. सही करायच्या आधी ती एवढंच विचारेल, की फादरकडे रोज जेवायला माणसं किती येतात."