बोटी वाढवल्या आणि जहाज उलटलं

लेखात टायटॅनिकवरच्या मृत्यूंचं सगळं खापर कंपनीने कमी ठेवलेल्या जीवरक्षक बोटींवर फोडलंय. अर्धंच पटलं. बोटी २० होत्या, सोय ११७८ जणांची, आणि जहाजावर २२०० च्या वर माणसं. पण तेव्हाच्या ब्रिटिश नियमाला १६ बोटीही चालल्या असत्या! तो नियम माणसं मोजतच नव्हता, जहाजाचं टनेज, म्हणजे आकार मोजायचा, आणि तेही १० हजार टनांपाशी थांबायचा; त्याहून मोठ्या जहाजाला जास्त बोटी लागायच्या नाहीत. टायटॅनिक ४६ हजार टनांचं. त्यात पहिल्या बोटी तर अर्ध्या रिकाम्याच सोडल्या. म्हणजे कंपनीइतकंच सरकारी खातंही दोषी.

पुढची गोष्ट लेखात यायलाच हवी होती. टायटॅनिकनंतर सगळीकडे बोटी वाढवायचा धडाका लागला. शिकागोचं ‘ईस्टलँड’ हे जहाज आधीपासूनच कलण्यासाठी बदनाम, त्यावरही १९१५ च्या जुलैत जादा बोटी आणि तराफे चढवले. वरचा भार आणखी वाढला. २४ जुलैला वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या कामगारांची सहल निघणार होती, बायकापोरांसकट अडीच हजारांच्या वर लोक. जहाज धक्क्याला बांधलेलं असतानाच नदीत आडवं झालं. पाणी जेमतेम वीस फूट, काठ हाताच्या अंतरावर, तरी ८४४ जण गेले. नव्या बोटी पाण्यात सोडायलाही कुणाला सवड मिळाली नाही.

आणि हेच जहाज वर काढून, ‘विल्मेट’ नाव देऊन अमेरिकन नौदलाने पुढे कितीतरी वर्षं वापरलं. कमाल आहे!