पॉईंट उधार मिळणार नाहीत

लातुरात गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. म्हणजे गिऱ्हाईक यायला सोळा वाटा आणि निसटून जायलाही सोळाच. त्यातल्या एका वाटेवर किराणा दुकान मांडून बसलेल्या माझ्यासारख्या माणसाला ‘कस्टमर लॉयल्टी’ हा शब्द ऐकवायला येतो तो बिलिंगचं सॉफ्टवेअर विकणारा पोरगा. टाय लावून येतो, माठातलं दोन तांबे पाणी पितो आणि म्हणतो, "काका, गिऱ्हाईक बांधून ठेवायचं तर पॉईंट द्या."

बांधायला आमच्याकडं आधीपासून एक दोरी आहे: लाल कापडाची उधारीची वही. ‘सोयाबीन आलं की देतो’ म्हणणारा माणूस सोयाबीन येईपर्यंत दुसऱ्या दुकानाची पायरी चढत नाही. चढायची सोयच नसते, तिथल्या वहीतही त्याचं नाव असतं. पॉईंटची योजना म्हणजे हीच वही उलटीकडून उघडलेली. उधारीत गिऱ्हाईक आपलं देणं लागतं, पॉईंटात आपण गिऱ्हाइकाचं. एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचा निम्मा मनस्ताप वाचतो. निम्माच.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेत १८९६ पासून स्पेरी अँड हचिन्सन ही कंपनी दुकानदारांना हिरवी तिकिटं विकायची. गिऱ्हाईक ती वहीत चिकटवायचं आणि वह्या भरल्या की घरात वस्तू न्यायचं. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सनं प्रवाशांचे मैल मोजायला घेतले. त्यांचं बरं आहे. विमानातली रिकामी खुर्ची तशीही उडणारच, तिच्यावर कुणाला फुकट बसवलं तर खर्च जवळजवळ काही नाही. किराण्यात रिकामी खुर्ची नसते. इथं फुकट दिलेला साबण एजन्सीला रोख मोजून आणलेला असतो.

म्हणून आधी हिशेब. शंभराच्या मालावर दहा सुटत असतील आणि आपण पाच टक्के सोडले, तर पहिल्याइतके पैसे हाती यायला विक्री दुप्पट व्हावी लागते. गिऱ्हाईक दुप्पट साखर खात नाही. खाल्लीच तर काही वर्षांनी डॉक्टरच त्याला आपल्या दुकानातून काढून नेतो. साखर आणि गोडेतेलात दोन-तीन टक्के सुटले तरी देव पावला, तेव्हा या दोन वस्तू योजनेबाहेर ठेवायच्या आणि तसं कार्डावर मोठ्या अक्षरात छापायचं. बारीक छापलं तर ‘वाचलंच नाही’ म्हणून भांडतात, मोठं छापलं तर वाचून भांडतात. दुसऱ्या भांडणात निदान आपली बाजू बरोबर असते.

शंभराला एक पॉईंट आणि पॉईंटाला एक रुपया, एवढं झेपतं. महिन्याला तीन हजारांचा किराणा नेणाऱ्या घराचे वर्षाचे तीनशे साठ पॉईंट होतात. अशी तीनशे घरं धरली तर एक लाख आठ हजार रुपये. हा आकडा वर्षभर कुठंच दिसत नाही आणि धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी पिशव्या घेऊन एकदम दारात उभा राहतो. त्यावर उपाय एकच. रोज गल्ला मोजताना विक्रीचा एक टक्का वेगळ्या डब्यात टाकायचा आणि तो डबा घरच्यांच्या नजरेला पडणार नाही अशा जागी ठेवायचा.

सॉफ्टवेअर नको असेल तर शिक्क्याचं कार्ड. यातलं एक शास्त्र फार गोड आहे. नून्स आणि द्रेझ या दोघा अभ्यासकांनी २००६ मध्ये गाड्या धुणाऱ्या एका दुकानातला प्रयोग छापला. तीनशे गिऱ्हाइकांना कार्डं वाटली. निम्म्यांच्या कार्डावर आठ रिकाम्या चौकटी, आठ भरल्या की एक धुणं फुकट. उरलेल्यांच्या कार्डावर दहा चौकटी, पण दोन आधीच शिक्का मारलेल्या. काम दोघांनाही आठच वेळा करायचं. तरी पहिल्यातल्या शंभरातल्या एकोणीस जणांनी कार्ड पुरं केलं आणि दुसऱ्यातल्या चौतीस जणांनी. सुरुवात झालेली दिसली की माणूस शेवटाकडं ओढला जातो. अर्धी पोळी ताटात टाकून उठवत नाही, तसंच हे.

हे शास्त्र गोलाईत उतरवताना एक अडचण येते. दोन शिक्के मारलेलं कार्ड हातात दिलं की समोरची मावशी ते उलटंपालटं करून बघते आणि म्हणते, "हे वापरलेलं हाय. नवं द्या." ते तुमच्याच फायद्याचं आहे, दोन फुकट मारलेत, असं समजावलं की मागं रांगेत उभे असलेले मामा पुढं येतात. "फुकटच मारुलालाव तर राहिलेले आठ बी मारून टाका की!" यावर नून्स आणि द्रेझ यांच्याकडं उत्तर नाही. माझ्याकडं आहे: दोन शिक्के गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत मारायचे, पहिल्या खरेदीच्या वेळी, तोंडानं ‘हे तुमच्यासाठी जादा’ म्हणत. मग ते जुनं कार्ड राहत नाही, मान होतो.

शिक्का साधा गोल ठेवू नये. असला शिक्का कुठंही अर्ध्या तासात बनवून मिळतो. तारखेचा शिक्का घ्यावा आणि त्यावर पेनानं सही करावी. पॉईंट नुसते बिलावर छापून देणं हा तर शुद्ध आत्मघात. बिलाचा कागद उष्णतेवर छापतो. लातूरच्या मे महिन्यात बेचाळीस अंशांत तो शर्टाच्या खिशात घामानं भिजला, मोटारसायकलच्या टाकीवर तापला, की दिवाळीपर्यंत त्यावर काय उरतं ते फक्त गिऱ्हाइकालाच वाचता येतं. आणि ते नेहमी पाचशेच्या वरचं असतं.

मोबाईल नंबरवर पॉईंट टाकावेत तर वेगळाच संसार सुरू होतो. किराणा नेते बाई, नंबर असतो मालकाचा, ओटीपी जातो शेतात, शेतात रेंज नाही. पॉईंट वापरतो पुण्याहून सुट्टीला आलेला मेहुणा. म्हणून खातं घराचं ठेवावं, त्याला दोन नंबर जोडावेत, आणि ओटीपी फक्त पॉईंट वापरताना मागावा, जमा करताना नाही. नावापुढं गाव आणि वस्ती लिहावी, कारण एकाच गावात एकाच नाव-आडनावाची चार माणसं असतात आणि चौघांचंही एकमेकांशी जमत नाही. नंबर देणं कुणावर सक्तीचं करू नये. २०२३ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुकानदारांना तसं बजावलंही आहे.

नंबर मिळाला की जाहिरातीची हौस येते. व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ माणसं बसतात, पण मेसेज पोचतो तो ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच. तेव्हा काउंटरवर उभं असतानाच सेव्ह करून घ्यावा, ‘किराणा’ लावून, नाहीतर आपण ‘नको उचलू’ या नावानं सेव्ह होतो. साध्या एसएमएससाठी मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागतो. मंजूर मजकुरात हौसेनं एक शब्द इकडंतिकडं केला की मेसेज मधेच अडतो.

सॉफ्टवेअरचं कॅलेंडर तर मुंबईचं. वेळ अमावस्येला आमचं निम्मं शहर रानात भज्जी-आंबिलीवर बसलेलं असतं, रस्ते ओस पडतात, आणि नेमकं त्याच दिवशी मशीन आपणहून पाठवतं: ‘आज खरेदीवर डबल पॉईंट!’

पॉईंट बाद होण्याची तारीखही तशीच, ३१ मार्च. धंद्याची पुस्तकं सांगतात, काही पॉईंट वापरलेच जात नाहीत, तोच दुकानदाराचा लाभ. पुस्तकं मराठवाड्यात राहत नाहीत. इथं खरिपाचा पैसा दसरा-दिवाळीला हाती येतो, मार्चमध्ये माणसाच्या खिशात काही नसतं. बीड-धारूरकडं दुकान असेल तर उसतोडीची माणसं दसऱ्यानंतर कोयते घेऊन निघतात ती सहा-सहा महिने कारखान्याच्या फडात. नव्वद दिवसांत पॉईंट बाद केले, की ते घरी येतात तोवर खातं शून्य. मग ते समोरच्या दुकानात जातात आणि जाताना आपल्या दुकानाकडं बघत जातात. मुदत पुढच्या दिवाळीपर्यंत ठेवावी.

बक्षीस काय द्यावं? भिंतीवरचं घड्याळ नको, घरोघरी पाच आहेत, त्यातली चार बंद. कापडवाल्यांचा फुकटचा ब्लाउज पीस तर देऊच नये. तो ओटीत जातो, तिथून आहेरात, तिथून दुसऱ्या ओटीत, आणि दोन वर्षांनी दुकानदाराच्याच घरात घडी न मोडता परत येतो. लॉयल म्हणावं तर तो. झाकणाची वीस लिटरची बादली द्यावी. २०१६ मध्ये या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. इथं पाणी साठवायच्या भांड्याला कुणी नाही म्हणत नाही. दुकानाचं नाव बुडाशी टाकावं, पोटावर नाही. पोटावर नाव असलेली बादली पाहुण्यांसमोर काढत नाहीत.

यातही सीएसाहेब बोट ठेवतात. बिलावर दाखवलेली सूट जीएसटीच्या हिशेबात वजा होते, पण भेट म्हणून दिलेल्या वस्तूच्या खरेदीवर भरलेल्या कराचा परतावा मिळत नाही. म्हणजे बादली दिसते त्यापेक्षा महाग. एवढं कळल्यावर बहुतेक दुकानदार बादलीवरून रुपयांवर येतात.

उरतो शेवटचा नियम, आणि योजना बुडते ती इथंच. उधारीच्या मालावर पॉईंट त्या दिवशी द्यायचे नाहीत, पैसे जमा होतील त्या दिवशी द्यायचे. नाहीतर एकच माणूस लाल वहीत आपलं देणं लागतो आणि कॉम्प्युटरमध्ये आपण त्याचं. माझ्या काउंटरवर तशी पाटी आहे, ‘पॉईंट उधार मिळणार नाहीत’. मामा ती मोठ्यानं वाचतात, महिन्याचा किराणा पिशवीत भरतात, वही स्वतःच पुढं ओढतात आणि म्हणतात, "बरं मग, माल लिहा उधार अन् पॉईंट द्या रोख."