सेजमध्ये फंक्शन ‘कसंही लिहा’? नाही, चालत नाही

सेजमॅथ, म्हणजे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेवर उभं असलेलं गणिताचं सॉफ्टवेअर, शिकायला बसलेल्याला पहिल्याच दिवशी हमखास एक सल्ला मिळतो: फंक्शन ‘एफ(एक्स) = एक्स^२’ असं लिहा नाहीतर पायथनच्या ‘डेफ’ने लिहा, गोष्ट एकच. मला हे अजिबात मान्य नाही. या सल्ल्यापायी नवी मुलं तासन्‌तास अडकून पडतात आणि आपलंच गणित कच्चं आहे असं धरून बसतात.

‘उत्तर तर तेच येतं ना?’ आकडा घातला तर येतं. दोन्हीकडे ३ द्या, ९ मिळतात. पण आलेख काढून बघा. समजा ‘डेफ’ने एच लिहिलं: एक्स २ पेक्षा लहान असेल तर ०, नाहीतर एक्स वजा २. ० ते ४ मध्ये रेघ आधी आडवी चालायला हवी आणि २ पाशी वर वळायला हवी. ‘प्लॉट’ या आलेख काढणाऱ्या कमांडला एच(एक्स) दिलं की मात्र उणे २ पासून निघालेली एकच सरळ रेघ समोर येते. एररही नाही! होतं असं, की प्लॉटच्या हाती पडण्याआधीच एच(एक्स)ची किंमत काढली जाते. तेव्हा एक्स हा आकडा नसतो, नुसतं चिन्ह असतं. ‘एक्स < २’ खरं आहे हे सेजला ठरवता येत नाही, म्हणून ते खोटं धरलं जातं आणि ‘एल्स’मधलं, म्हणजे ‘नाहीतर’च्या भागातलं, एक्स वजा २ तेवढं उरतं. याच एच(एक्स)चा डेरिव्हेटिव काढा, १ येतो; एक्स १ असतानाही, जिथे तो ० हवा. आलेखापुरता उपाय सोपा आहे: कंस काढा, नुसतं एच द्या. मग प्लॉट स्वतः एकेक आकडा घालून बघतो.

‘मग डेफला हातच लावू नका’ हे दुसरं टोक. लूप आला की डेफ लागतंच. शिवाय ‘एफ(एक्स) = एक्स^२’ ही पहिली पद्धतही निरुपद्रवी नाही. सेजचा प्रीपार्सर, म्हणजे आपण लिहिलेलं पायथनकडे जाण्याआधी बदलणारा भाग, ती ओळ बदलून घेतो आणि तसं करताना एक्सला नव्याने चिन्ह बनवतो. आधी एक्समध्ये ५ ठेवले असतील तर ते गेले.

‘सेज म्हणजे पायथनच’ हे अर्धंच खरं. ‘एफ(एक्स) = एक्स^२’ ही ओळ साध्या पायथन फाइलमध्ये सिंटॅक्स एरर (लिहिण्याच्या नियमाची चूक) देते. डेफ तिथे चालतं, पण ३^२ चं उत्तर १ येतं, कारण पायथनमध्ये ते चिन्ह घाताचं नाही, एक्सॉरचं, म्हणजे दोन आकड्यांचे बिट एकेक करून ताडून बघण्याच्या क्रियेचं आहे. घातासाठी तिथे दोन चांदण्या लिहाव्या लागतात: ३**२.