आंबटच नसेल तर त्याला दही कशाला म्हणायचं?

दुपारपासून डोकं फिरलंय ते अजून जाग्यावर आलेलं नाही, म्हणून लिहायला बसले.

नांदेडहून भाची आलीय. दहावीचे पेपर झाले, सुट्ट्या लागल्या. चार दिवस एकच धोशा, "मावशी, ते फ्रोझन योगर्टचं दुकान." फ्रोझन योगर्ट म्हणजे गोठवलेलं दही. तिच्या सगळ्या मैत्रिणींच्या स्टेटसला म्हणे तेच. शेवटी आज ऊन मी म्हणत असताना तिला आणि माझ्या लेकीला घेऊन गेले. इथल्या संभाजीनगरच्या सिडकोतलं नवं दुकान आहे, नाव लिहीत नाही. गुलाबी भिंती, भिंतीत बसवलेली सहा यंत्रं. हँडल ओढलं की वळ्यावळ्यांनी कपात पडतं. वरून फळं, चॉकलेट, बिस्किटाचा चुरा, काय पाहिजे ते घाला आणि काट्यावर ठेवा. १०० ग्रॅमला ११० रुपये. तिघींचं मिळून ५८० ग्रॅम भरलं. ६३८ रुपये झाले.

पैशाचं म्हणत नाही मी. पाहुणं लेकरू घरी आल्यावर एवढं होतंच. माझा राग चवीवर आहे. यंत्रावर मोठ्या अक्षरात 'टार्ट' लिहिलेलं. टार्ट म्हणजे आंबट. मी मुद्दाम तेच घेतलं, वर काही घातलं नाही. पहिला चमचा जिभेवर धरला, विरघळू दिला, वाट बघितली. आंबट आलंच नाही. आधी गोड, मग गार, मग पुन्हा गोड, आणि शेवटी टाळूला चिकटलेला दूधपावडरीचा पिठूळ थर.

काउंटरवरच्या पोराला विचारलं, बाळा, विरजण कशाचं लावता? बिचारा खरं बोलला. "मॅडम, तयार पाकीट येतं. घोळायचं आणि यंत्रात ओतायचं." विरजण हा शब्दच त्याला कुणी सांगितला नव्हता. त्याचा काय दोष?

मला तिथेच आजी आठवली.

औसा तालुक्यातलं आमचं गाव. मी नऊ वर्षांची, उन्हाळ्याची सुट्टी. माजघरात शिंकाळ्यावर दह्याचं गाडगं असायचं. भर दुपारी सगळी निजलेली, हातात सकाळचं धपाटं. मी पाटावर चढून गाडगं उतरवलं आणि बसले खात. दही एवढं चढलेलं की जबडा आवळून यायचा, डोळे मिटायचे, तरी हात थांबेना. बोटांनी तळ निपटून काढला, कडेची सायसुद्धा सोडली नाही. संध्याकाळी धार काढून झाली, दूध तापून कोमट झालं, आजीने गाडग्यात हात घातला तर आत काहीच नाही. "आगं, इरजन बी खाल्लीस व्हय माय? आता दुधाला काय लावू?"

तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, दिवेलागणीनंतर दही, विरजण, मीठ कुणी कुणाला देत नाही आणि कुणी मागतही नाही. आजी दुधाचं पातेलं पुढ्यात घेऊन चुलीजवळ नुसती बसून राहिली. मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणून कुणी दह्याच्या नावावर पाकीट खपवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. अरे, या वस्तूची सगळी कीर्तीच आंबटपणावर उभी आहे! अमेरिकेत फ्रोझन योगर्ट जुनंच. टीसीबीवायसारखी दुकानं १९८१ पासून चालू होती, पण तो सगळा गोड, आइस्क्रीमसारखा प्रकार. कोरियातल्या 'रेड मँगो' नावाच्या दुकानांनी आंबट दह्याची चव पुढे आणली. २००५ मध्ये वेस्ट हॉलिवूडला 'पिंकबेरी' हे दुकान निघालं तेव्हा सुरुवातीला दोनच चवी होत्या, साधी आणि ग्रीन टी. लोक रांगा लावून उभे राहिले ते त्या साध्या आंबट चवीसाठी. पुढे 'हे मुळात दही आहे का' म्हणून त्यांच्यावरही कॅलिफोर्नियात कोर्टात दावा झाला आणि तडजोडीत मिटला. म्हणजे जिथे हे खूळ निघालं तिथल्या लोकांनाही हा प्रश्न पडला. आणि आपण, दही-धपाट्यावर वाढलेली माणसं, काहीच विचारायचं नाही? गुलाबी भिंतीसमोर फोटो काढायचा आणि घरी यायचं?

मान्य, गोठवल्याने दह्यातले जिवाणू सगळे मरत नाहीत, बरेचसे नुसते निजतात. हेही मान्य की थोडी साखर घालावीच लागते, नाहीतर यंत्रात बर्फाचा दगड होईल. पण आधी दुधात ते जिवाणू पोसावे लागतात ना? त्यांनी दुधातली साखर खाऊन आम्ल करायचं, तेव्हा कुठे दूध आंबतं. त्याला रात्र द्यावी लागते. पाकिटातल्या भुकटीने नुसता आंबूस वास आणून ते काम होत नाही. वर यंत्र त्यात हवा भरतं. एवढा मोठा कप आणि हातात घेतला तर कापसासारखा!

पुण्यात एकदा खाल्लं होतं ते चांगलं होतं. खरंच आंबट. कान गरम झाले होते. म्हणजे जमतं, मनात असेल तर जमतं.

लेक आत्ता मागून वाचतेय. म्हणतेय, "आई, आम्हाला आवडलं, तेही लिही." लिहिते. आंब्याचं बरं होतं. आणि त्या दोघी तासभर गारव्यात बसल्या, कुणी वळून बघितलं नाही, कुणी उठवलं नाही. आमच्या वेळी लातूरला पोरींना अशी बसायला जागा नव्हती. भाचीने कपातला शेवटचा थेंब चमच्याने निपटून काढला तेव्हा मला तिच्यावर रागावता येईना. मीही गाडगं तसंच निपटलं होतं.

त्या रात्रीचं पुढचं सांगायचं राहिलं. आजी झोपली नव्हती. पहाटे, अजून तांबडं फुटायचं होतं, मागच्या दाराला कडी वाजली. गल्लीच्या टोकाच्या काकू. आजी कुणाकडे गेली नव्हती, पण गावात काय लपतं? पदराखाली वाटी, वर पळसाचं पान झाकलेलं. म्हणाल्या, "घ्या माय, तुमच्याच घरचं हाय. दिवाळीला मी नेलतं." आजीने वाटी दोन्ही हातांनी घेतली. तोवर दूध नासलं होतं, ते म्हशीच्या आंबोणात गेलं. सकाळच्या दुधाला ते विरजण लागलं.

पुढे आजी गेली. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, त्या साली मामाने दोन्ही म्हशी विकल्या. पण मामीने पिशवीच्या दुधावर तेच विरजण चालू ठेवलं, एक दिवस खंड पाडला नाही. त्यातलं एका डबीत माझ्याकडे आहे. म्हणून पिशवीच्या दुधाला मी नावं ठेवणार नाही, आणि यंत्रालाही नाही. फक्त त्यात विरजलेलं दही ओता. जालन्याचं, बीडचं, कुठलंही. शेवटी चिमूटभर जिरं-मीठ घाला, नको असेल तर नका घालू. पण आंबट असू द्या. मी ११० काय, १५० देईन आणि उन्हात रांगेत उभी राहीन.

तर मंडळी, संभाजीनगरात कुणी डेअरीवाला, कुणी दुकानवाला खरं दही विरजून गोठवत असेल तर खाली सांगा. भाची रविवारी दुपारच्या तपोवन एक्स्प्रेसने नांदेडला जातेय. त्याच्या आत तिला एकदा न्यायचंय.