दगडी भिंतीत सिमेंट कोंबणं बंद करा

आज मुंबईच्या फोर्टात एका जुन्या दगडी इमारतीच्या दरजांमध्ये, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांमध्ये, ग्राइंडर फिरताना पाहिला आणि डोकंच फिरलं. खाली घमेल्यात सिमेंट कालवून तयार. आणि ह्याला म्हणे जतन!

अहो, ह्या भिंती चुन्यातल्या आहेत. राजाबाई टॉवर १८७८चा, महापालिकेची इमारत १८९३ची, सगळा तो काळच चुन्याचा. चुना दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र. पावसात भिंतीत मुरलेली ओल दरजांतून बाहेर पडते. तिथे सिमेंट ठासलं की ती दगडातून वाट काढते, पाण्यातले क्षार दगडाच्या कातडीमागे साचून फुगतात आणि पापुद्रे सुटू लागतात. काळा बेसाल्ट एक वेळ तग धरेल. नक्षीसाठी वापरलेला मऊ पोरबंदरी दगड नाही धरणार. शिवाय तो ग्राइंडर! बारीक दरज बघता बघता दुप्पट रुंद होते, घडीव दगडाची कड गेली ती गेलीच.

व्हीटी स्थानकाला, म्हणजे आताच्या सीएसएमटीला, १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं लागली. वास्तुविशारद स्टीव्हन्सचं नाव सगळे घेतात. त्याच्यासोबत राबलेले सीताराम खंडेराव वैद्य आणि एम. एम. जनार्दन कुणाला आठवतात? तिथली पानंफुलं, प्राणी-पक्षी जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचे. त्या हातांवर आपण ग्राइंडर चालवायचा?

मान्य, चुना वेळ खातो आणि वापरातल्या इमारतीला परांची फार दिवस परवडत नाही. तरीही.

सैल झालेला मालच तेवढा छिन्नी-हातोडीने काढा, दरजेच्या रुंदीच्या दुप्पट तरी खोल. धूळ झाडा, दरज भिजवा. विरवून मुरवलेला चुना एक भाग, चाळलेली वाळू तीन भाग. पावसाच्या माऱ्याच्या बाजूला सुरखीही, म्हणजे विटेची भुकटी, घाला, म्हणजे माल ओलीतही घट्ट होतो. थरांथरांनी दाबून भरा, दगडाच्या तोंडावर चढू देऊ नका. मग ओलं गोणपाट, निदान आठवडाभर. इथेच सगळे कंटाळतात, आणि अवेळी वाळलेला चुना बोटाने खरवडला तरी भुकटी होऊन गळतो.

ग्राइंडर धरणाऱ्या पोरावर राग नाही माझा. हातात दिलं ते तो चालवतो, तेही उन्हात, परांचीवर लटकून. राग निविदेत नुसतं 'पॉइंटिंग' (दरजा भरणं) लिहून मोकळं होणाऱ्यांवर आहे. चुन्याचं काम जाणणारे मिस्त्री अजून आहेत. त्यांची मजुरी वेगळी धरा, आधी एका कोपऱ्यात चौरस मीटरभर नमुना करून घ्या, त्यावरून एक पावसाळा जाऊ द्या, आणि मगच बाकीच्या भिंतीला हात लावा.