अनाथ आणि विधवा एकाच वचनात आहेत

गेल्या आठवड्यात माझ्या भाच्याने मला एक संदेश पाठवला आणि खाली विचारले, "मावशी, तू तर जाऊन आली आहेस. या सेवा-सहलीसाठी मी नाव देऊ का?" हा संदेश आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या, तरुण संघाच्या आणि नातेवाइकांच्या गटांवर फिरून माझ्याकडे चौथ्यांदा आला होता. त्यात म्हटले आहे की, आफ्रिकेच्या दक्षिण भागात एड्समुळे लाखो मुलांना जगात कोणीही उरलेले नाही, अनाथाश्रम हाच त्यांचा एकमेव आधार आहे, कसलेही प्रशिक्षण नसले तरी दोन आठवडे मायेने जवळ घेतल्यास त्यांचे आयुष्य बदलते, ख्रिस्ताचे नाव त्यांच्यापर्यंत अजून पोहोचलेले नाही, आणि जाताना जुने कपडे व खेळणी न्यावीत. शेवटी बायबलमधील याकोबाच्या पत्रातील अनाथांविषयीचे वचन अर्धेच दिलेले आहे. मी 2018 मध्ये मंडळीच्या गटाबरोबर दक्षिण आफ्रिकेला लागून असलेल्या एस्वातिनी या छोट्या देशात तीन आठवडे सेवेसाठी होते. त्याच वर्षी देशाचे नाव बदलले होते आणि दुकानांच्या पाट्यांवर अजून स्वाझीलँड असेच लिहिलेले होते. भाच्याला फोनवर दोन वाक्यांत उत्तर देणे मला जमले नाही, म्हणून हे लिहीत आहे.

"कोणीही उरलेले नाही" या विधानात अर्धे सत्य आहे, ते मी नाकारत नाही. सुमारे 12 लाख वस्तीच्या या देशात प्रौढांपैकी साधारण चारातील एकाला एचआयव्हीची लागण आहे, आणि औषधे सर्वांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच्या वर्षांत तेथे आईबापांची एक पिढीच खचली. मात्र आंतरराष्ट्रीय आकडेवारीत आई किंवा वडील यांपैकी एकजण गेलेल्या मुलालाही अनाथच मोजतात, हे संदेश लिहिणाऱ्याने सांगितलेले नाही. युनिसेफच्या 2015 च्या अंदाजानुसार जगातील सुमारे 14 कोटी अनाथ मुलांपैकी दोन्ही पालक गमावलेली मुले 1 कोटी 51 लाख होती. बाकीच्यांची आई किंवा वडील हयात होते. ज्यांचे दोघेही गेले, त्यांतलीही बहुतेक मुले आजीकडे, मावशीकडे किंवा काकाकडे वाढतात. एस्वातिनीत आजीला गोगो म्हणतात, आणि त्या देशातील अनाथांचा भार प्रत्यक्षात कोणी उचलला असेल तर तो या गोगोंनी. 2005 पासून तेथे साठीपुढच्या वृद्धांना सरकारी अनुदान मिळू लागले. त्या पैशांतून वह्या आणि मक्याचे पीठ येते.

आता ज्या मुद्द्यामुळे माझा संताप झाला, त्याकडे वळते. "दोन आठवड्यांचे प्रेम" हे वाक्य ज्याने लिहिले, त्याने निरोप घेतल्यानंतरचा दिवस कधी पाहिलेला नसावा.

आमच्या कार्यक्रमात एका बालगृहाची भेट होती. गाडीतून उतरताच चारेक वर्षांचा एक मुलगा धावत आला, त्याने दोन्ही हात वर केले आणि मी उचलताच माझ्या मानेला मिठी मारली. मला भरून आले, कारण मला वाटले, त्याला माझी ओढ वाटली. तासाभराने पाहिले तर तो आमच्या चालकाच्या कडेवर तसाच बिलगलेला होता, आणि दुपारी आम्ही निघालो तेव्हा तो रडला नाही, आमच्याकडे वळूनही पाहिले नाही, कारण फाटकातून दुसरी गाडी आत येत होती. परतल्यावर मी दक्षिण आफ्रिकेतील बालविकासतज्ज्ञ लिंडा रिश्टर आणि त्यांच्या सहकारी एमी नॉर्मन यांचा 2010 मध्ये प्रसिद्ध झालेला शोधनिबंध वाचला. अशा सहलींना त्यांनी सरळ "एड्स-अनाथ पर्यटन" म्हटले आहे. संस्थेत वाढणारी लहान मुले अनोळखी माणसालाही पटकन बिलगतात, ते मायेच्या भुकेमुळे, आणि पाहुण्यांशी वारंवार जुळणारे व तुटणारे नाते त्यांना नव्याने इजा करते, असे त्या मांडतात. तो निबंध वाचताना मला त्या मुलाचे हात आठवत राहिले. मी त्याला काही दिले नव्हते. त्याने सोसलेल्या अनेक ताटातुटींत माझी एक भर घातली होती.

अनाथाश्रम हाच एकमेव आधार, हा दावाही याच्याशीच जोडलेला आहे. पाहुणे येतात तेथे देणग्या येतात, आणि देणग्या येत राहाव्यात म्हणून मुले लागतात. गरीब घरातील आईला "शाळा आणि दोन वेळचे जेवण मिळेल" असे सांगितले की मूल घरातून निघते. केवळ दारिद्र्य हे मुलाला पालकांपासून दूर करण्याचे एकमेव कारण असू नये, असे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2009 मध्ये स्वीकारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट नमूद आहे. स्वाझी मुलाला घरातून उचलले तर त्याचे 'सिबोंगो' म्हणजे कुळनाव आणि त्या कुळाची परंपरेने म्हटली जाणारी स्तुतिवचने शिकवायला संस्थेत कोण असते? एका गोगोने आपल्या सहा वर्षांच्या नातीकडून ती आमच्यासमोर म्हणून घेतली होती. मुलगी मधेच अडखळली की आजी चुलीवरचे भांडे ढवळता ढवळता पुढचा शब्द पुरवत होती.

आमच्या तीन आठवड्यांत उपयोगी ठरले ते काम फोटोत दिसणारे नव्हते. गावातील बायका चालवत असलेल्या एका केंद्रावर मुले शाळा सुटल्यावर आपापला वाडगा घेऊन जेवायला येतात. तेथील गळके छप्पर आम्ही त्यांच्या सांगण्यावरून बदलले, लाकूड वाहिले, पीठ आणले. मुलांना वाढण्याचे काम त्या बायकांनी आमच्या हाती दिले नाही, आणि ते योग्यच होते.

ख्रिस्ताचे नाव पोहोचले नाही, या वाक्यावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. त्या देशातील बहुसंख्य लोक ख्रिस्ती आहेत आणि महाम्बा येथे मेथडिस्ट मिशन 1844 मध्ये सुरू झाले. रविवारच्या उपासनेत आम्हालाच त्यांच्याबरोबर गाताना धाप लागत होती. जुन्या मिशनऱ्यांचे श्रेय मात्र मी देते. मांझिनी येथील मिशन रुग्णालय अजून उभे आहे, कारण ते उभारणारे लोक तेथे वर्षानुवर्षे राहिले आणि स्थानिक परिचारिका घडवून गेले. कपड्यांविषयी एवढेच, की वापरलेल्या कपड्यांचे ढीग तेथील बाजारातही विकायला असतात.

राहिले ते वचन. याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायातील 27व्या वचनात अनाथ आणि विधवा यांच्या संकटात त्यांचा समाचार घ्यावा, असे आहे. संदेशात विधवा गाळली आहे. एस्वातिनीत ती विधवा म्हणजे बहुधा त्याच मुलाची गोगो असते, आणि वचनात दोघे एका श्वासात आहेत.

भाचा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिकिटासाठी जमवलेल्या पैशांतून त्या केंद्रावर जेवणाऱ्या एखाद्या मुलीची माध्यमिक शाळेची फी भरावी आणि शिक्षण पूर्ण झाल्यावर दोन आठवड्यांऐवजी दोन वर्षांसाठी जावे, असे मी त्याला कळवले आहे. केंद्र चालवणाऱ्या बाईंचा पत्ताही पाठवला आहे. त्याचे उत्तर अजून आलेले नाही.